घरचा आवाज

अरे बस बस, उठतोस कशाला? ॲंजेलाचा बाप नाही येत एवढ्यात. विहिरीवर आहे — त्या केळींच्या मागे पंपाचं घर दिसतं ना, तिथे. हो, त्याचाच आवाज. दुसऱ्या कुणाचा असणार? अख्ख्या वटारमध्ये दुसरा कुणी असा बोलत नाही, आणि बोलला असता तर गावाने त्याला हात जोडले असते, बाबा, एक आहे तो पुरे आहे. 'नाही' म्हणाला ना आत्ता? मीही ऐकलं. सकाळपासून तेच चाललंय. तू चहा पी, निवला असेल. आणि हे सूप घे मांडीवर — घे रे, लाजतोस काय, वालाच्या शेंगा आहेत, चावत नाहीत. हात रिकामे असले की तुझे ओठ हलायला लागतात, आल्यापासून बघतेय मी. काहीतरी पाठ करून आलायस ना? 'अंकल, मी आणि ॲंजेला' — असंच सुरू होतं ना? बघ, कान कसे लाल झाले! अरे मर्विन, मी काही तुला खायला बसले नाही. ॲंजेला घरात नाही, आत्ताच सांगून ठेवते, उगाच आत डोकावू नकोस. पापडीला पाठवलीय तिला, आग्नेसआत्याकडे, मुद्दामच. असल्या वेळी मुलगी समोर असली की बापाला अभिनय सुचतो. — वर? वर काही नाही, मांजर असेल. माळ्यावर फिरते. जड आहे आमची मांजर.

तर काय सांगत होते — आवाज. तुला काय वाटलं, देवाने दिलाय तो? देवाने दिला होता तो निराळाच. शाळेत याला पिपाणी म्हणायचे. खरंच! आमच्या सासूबाईंनीच सांगितलंय मला. गावात सणाला नाटक बसायचं, क्रुसासमोर मांडव घालून, तर ह्याला दर वर्षी बाईचं काम — लुगडं नेसवायचे आणि उभा करायचे. मिशा फुटल्या तरी आवाज तिथेच. मग त्या काळी पंप नव्हते, रहाट होता, पानवेलींना पाणी घालायचं तर बैलामागे फिरत बसायचं. एकदा हा बैलावर वैतागला आणि विहिरीत वाकून काहीतरी ओरडला — शिवीच असणार, तो सांगत नाही — आणि विहिरीने ती शिवी परत दिली. पण कशी? भारदस्त! कुणी मोठ्या सरदाराने दिल्यासारखी. झालं. त्या दिवसापासून हा काठावर पालथा पडून विहिरीशी बोलायला लागला. ती जशी बोलते तसं आपण बोलायचं. बैल उभा, पाणी बंद, पानवेली सुकतायत, आणि हा आपला विहिरीत डोकं घालून. सासूबाईंना वाटलं पोराला काहीतरी लागलं, त्यांनी फादरांना बोलावून पाणी शिंपडून घेतलं. काही उपयोग झाला नाही म्हणा. पुढच्या सणाला हा न्यायाधीश होऊन उभा राहिला, एकच वाक्य होतं त्याला, 'आरोपीला पुढे आणा' — आणि मागे बसलेले दोन म्हातारे टोप्या हातात घेऊन उठून उभे राहिले. जमिनीची केस चालू होती त्यांची वसईच्या कोर्टात, बिचारे घाबरलेलेच होते.

तिथून मग मुंबई. स्पर्धेचं नाटक बघायला कोणी दिग्दर्शक आला होता, तो घेऊन गेला. आता तू म्हणशील, वा, नायकाचं काम मिळालं असेल. कसलं नायकाचं! पडद्यामागे उभं राहून देवाचं बोलायचं. तोंड दिसायचं नाही. आमच्याकडच्या पाहुण्यांनी टेम्पो करून नाटक बघितलं आणि परत येऊन मला विचारलं, आग्नेल होता कुठे? मी म्हटलं, वर होता, आभाळात. मग एकदा कधीतरी दाखवला त्याला. मग जमीनदार, जहागीरदार, पोलीस कमिशनर, कुठल्या तरी मुलीचा दुष्ट बाप — असे किती बाप झाला तो, मी मोजायचं सोडलं. आणि मग टीव्ही. ती मालिका बघायचास ना तू? लहान असशील. दिवाणखान्यात सगळी भांडतायत, आरडाओरडा चाललाय, आणि हा जिन्यावरून उतरतो आणि म्हणतो — 'बसा.' संपलं. एवढंच. दर आठवड्याला तेवढंच. आणि त्या एका शब्दावर आमच्या घराचा वरचा मजला झाला, खोटं कशाला बोलू.

तू हसतोयस. बरं झालं, हस. पण आम्हाला काय काय निस्तरावं लागलं ते ऐक. बाजारात गेला की कोळणी म्हणायच्या, एकदा बसा म्हण, मग पापलेट देते. एसटीत कंडक्टर म्हणायचा. आणि ते चर्चमधलं तर — ॲंजेलाने सांगितलं नाही? अरे देवा. रविवारची मिस्सा, चर्च भरलेलं, सगळे उभे, विश्वासाची प्रार्थना चालू. ती उभ्यानेच म्हणायची ना. तर शेजारी आग्नेसआत्या, तिचे गुडघे दुखतात, ती एका पायावरून दुसऱ्या पायावर. ह्याला दया आली. हा आपला वाकून तिला हळूच म्हणाला — त्याच्या मते हळूच — 'बसा.' अख्खं चर्च बसलं! खरं सांगते, रांगाच्या रांगा. गाणारं कॉयर बसलं. वेदीजवळची पोरं बसली. एक फादर जॉन तेवढे उभे, प्रार्थना एकटेच म्हणतायत, आणि इकडे तिकडे बघतायत की आपलंच काही चुकलं का. आणि गंमत सांगू? ज्या आत्यासाठी हे सगळं झालं ती तेवढी उभी राहिली. ती बहिरी आहे जरा. मिस्सा झाल्यावर फादर बाहेर आले आणि म्हणाले, आग्नेल, इथे कधी बसायचं ते मी सांगतो. तेव्हापासून हा मागे दाराजवळ उभा असतो आणि तोंड उघडत नाही.

शेंगा नीट सोल रे. दाणे फुटतायत. घाई कसली?

पण बाहेर. हे सगळं बाहेर. घरात तो जमीनदार काय करतो माहितीय? विहिरीच्या पायरीवर बेडूक असला तर मला हाक मारतो. खोटं वाटतं ना? बेडकाला घाबरतो तुझा होणारा — जाऊ दे, आधीच कशाला म्हणू. मी जाते, बेडूक हाकलते, मग साहेब उतरतात. आणि वीज गेली की मी त्याला फोनसमोर उभा करते. मी केला तर म्हणतात, लाईन चालू आहे, बघतो. ह्याने नुसतं 'वटारमध्ये वीज नाही' म्हटलं की जीप. त्यांना वाटतं कुणी मंत्री बोलतोय. तेवढा माझ्या उपयोगाचा तो आवाज, बाकी नाही. आणि आता तर कामंही कमी झालीत. हल्लीच्या मालिकांत सगळे कानात बोलल्यासारखे बोलतात, त्यात ह्याने तोंड उघडलं की बाकीच्यांचं काही ऐकू येत नाही. तो म्हणतो, मीच सोडलं. मी म्हणते, हो, तूच सोडलंस.

ऐकलंस? पुन्हा. हे 'नाही' जरा लांबलं. दुसऱ्या अंकातलं आहे ते.

तू असा पांढरा पडू नकोस. त्या आवाजाचं काही मनाला लावून घ्यायचं नसतं. मी लावून घेतलं होतं, म्हणून सांगते. मी त्याला आधी बघितलंच नव्हतं, ऐकलं होतं. सणाला लाऊडस्पीकर लागायचा, आमचं घर चार वाड्या पलीकडे, मी अंगणात मोगऱ्याच्या कळ्या निवडत बसायची, आणि वाऱ्यावरून ते यायचं — 'आरोपीला पुढे आणा.' मला वाटायचं, आणा बाई मला, मी येते. हसू नकोस! तेव्हा तुझ्यापेक्षा लहान होते मी. मग हा घरी आला मागणी घालायला. माझ्या बापासमोर उभा राहिला आणि त्या आवाजात जे काही बोलला — काय ते शब्द, काय ते हातवारे! माझ्या बापाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, झालं का तुझं? मग हे नाटक सणाला कर, तिकडे बघू. पाठवून दिला परत. मी आत रडतेय. मग पुन्हा आला, पण ह्या वेळी काय बोलला ते मला ऐकूच आलं नाही. कान देऊन बसले, एक शब्द नाही. आणि माझा बाप आत येऊन आईला म्हणाला, देऊ ह्याला. मला कळेचना, न बोलता कसं जमवलं ह्याने? ते लग्नानंतर कळलं. पाहुणे गेले, दार लागलं, आणि हा मला विचारतो, 'जेवलीस का?' — कुठल्या आवाजात? पिपाणीच्या! इवलासा. आमच्या घरच्या बोलीत, आणि इवलासा. मी मागे वळून बघितलं, दुसरं कोण आलंय म्हणून. फसवलं रे मला. मी लाऊडस्पीकरशी लग्न केलं आणि घरी हा आला.

मग काय? मग सवय झाली. नाही, सवय नाही म्हणायचं त्याला. आवडायलाच लागला मला तो. आता तू मला विचारशील तर, तो मोठा आवाज गेला उद्या तरी माझं काही अडणार नाही. पण हा छोटा गेला तर — ते जाऊ दे.

माझ्या बापानंतर तो बाहेरच्या कुणी ऐकलेला नाही, कळलं? मासिकवाले आले, टीव्हीवाले आले, सगळ्यांना तो दिवाणखान्यातला आवाज. माझ्या भावांनाही. घरचे तेवढेच ऐकतात, आणि हा नियम पक्का झाला तो ॲंजेलामुळे. ती चारेक वर्षांची असेल, मी तिला नाटकाला घेऊन गेले. चूक झाली. त्यात हा आपल्या मुलीला घराबाहेर काढतो. 'चालती हो' — असं ओरडला, थिएटर हादरलं, आणि पहिल्या रांगेत आमची ही उठून उभी राहिली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. ती माझा हात धरून दाराकडे चालायला लागली. तिला वाटलं, आपल्यालाच सांगितलं! ह्याने स्टेजवरून बघितलं. पुढचं वाक्य विसरला, म्हणजे किती ते समज, आयुष्यात तेवढंच एकदा. त्या दिवसापासून घरात तो आवाज बंद. उंबऱ्याबाहेर. वीज मंडळाला फोनसुद्धा ओटीवरून करतो, वायर ताणून. तो भरभर बोलतो घरी, आणि आमच्या बोलीत. तुझे आईवडील नगरकडचे, वसई रोडला फ्लॅटमध्ये वाढलेला तू, तुला अर्धंही कळायचं नाही. म्हणून तर मी तुझ्याशी हे असं शाळेतलं मराठी बोलतेय मघापासून, माझी जीभ दुखायला लागली.

नाही रे, तुझ्याबद्दल काही नाही त्याच्या मनात. तू चांगला आहेस. कामणच्या गोडाऊनमध्ये एसी दुरुस्त करतोस, घरी पैसे देतोस, कॉयरमध्ये गातोस — गातोस कसा ते मी ऐकलंय, पण स्वभाव चांगला आहे. तुझं काही नाही. कुवेतचं आहे. नेणार म्हणतोस ना तिला. कंत्राट दोन वर्षांचं, पण दोन वर्षांसाठी म्हणून गेलेले किती परत आले ते आम्ही इथे बघतोय, कुलपं लागलेली घरं आहेत गल्लीत. आणि मग फोन. फोनवर तो छोटा आवाज जाणार कसा सांग? घरात शेजारी बसूनसुद्धा ऐकायला वाकावं लागतं. काल रात्री जेवताना ॲंजेलाच म्हणाली — पप्पा, तुम्हाला नको असेल तर नाही म्हणा. पण घरच्या आवाजात म्हणा. तुम्ही ह्या आवाजात नाही म्हणालात तर मी मर्विनला स्वतः सांगेन, आणि कुवेतचं नाव पुन्हा काढणार नाही. पण तिकडच्या आवाजात म्हणालात तर ते मी धरणार नाही.

आणि हा ताटावरून उठला. पहाटेपासून विहिरीवर आहे.

अरे देवा. हे तुला सांगायचं नव्हतं.

आता सांगितलंच आहे तर ऐक. तुला वाटतंय तो तुला घाबरवायला ओरडतोय. नाही रे. छोटा 'नाही' काढायचा प्रयत्न करतोय तो. मी पाण्याला गेले होते मघाशी, केळीआड उभी राहिले. तोंड उघडतो, घशाशी येतं, आणि बाहेर पडतो तो जहागीरदारच. पुन्हा थांबतो. पुन्हा घसा साफ करतो. तिला लहानपणी गोष्ट सांगायचा तसा बसतो काठावर, मान अशी जरा वाकडी करून — आणि तोच मोठा 'नाही'. विहीर पण कंटाळली असेल. मी हाक मारली नाही. काय म्हणून मारू? मला तरी कुठे तिला पाठवायचंय? पण मी बोलले की ती ऐकत नाही, आणि तो बोलला की ऐकते, म्हणून ह्या घरात सगळं त्याच्याच घशावर येऊन थांबतं. तेवढं वाईट वाटतं मला, चारचौघांत नाही सांगत.

म्हणून नीट लक्षात ठेव. तो येईल. मोठ्या आवाजात 'नाही' म्हणाला, हात वर केला, 'या घराची मुलगी' वगैरे सुरू केलं, तर मान खाली घाल, 'बरं अंकल' म्हण, घरी जा, आणि पुढच्या रविवारी पुन्हा ये. येताना केक आण, त्याला आवडतो. ते नाटक आहे, ते उतरतं. पण छोट्या आवाजात बोलला ना — तर मग मी काही करू शकत नाही. मग तू चहासुद्धा संपवू नकोस. आणि ते पाठ केलेलं विसरून जा, कुठल्याही आवाजात नको. — पुन्हा वाजलं वर. हो, मांजरच! किती विचारशील?

थांब.

पंप बंद झाला. 'नाही' पण बंद झालं. केव्हापासून ऐकलं नाही आपण? मी बडबडत राहिले. तो बघ, केळीतून येतोय. अनवाणी आहे. चपला विहिरीवरच विसरला. मर्विन, उठू नकोस. उठलास? बरं, उठलायस तर उभा राहा, सूप सांभाळ. शेंगा सांडतील. आता तो पायरीवर उभा राहील आणि म्हणेल 'बसा', तू बस, आणि मग —

...

...

काय म्हणाला? तुला नाही कळलं. मलाही एकदा ऐकून खात्री होईना. तुझ्याकडे बघून म्हणाला ना तो? माझ्याकडे नाही? तुझ्याकडेच. अरे, हा आवाज त्याने माझ्या भावांनासुद्धा — थांब, सांगते, सांगते, तोंड तसं करू नकोस. तो म्हणतोय, पोरा, उभा का, बस ना. म्हणतोय, अर्ध्या शेंगा तशाच राहिल्यात, सर जरा, मी पण हात लावतो.

बस आता! एवढं म्हणतोय तर बस. त्याला जागा दे. दाणे फोडू नकोस त्याच्यासमोर.

आणि ए मांजरे! तासभर झाला, अंग आखडलं असेल. उतर खाली. चहा ठेव दोघांना.